साठ नंबरचा पांढरा दगड

शालन सुतारने गोणपाटाची गुंडाळी काउंटरवर ठेवली आणि सुतळीची गाठ सोडली. आत लाकूड कातायची सात हत्यारं होती. तिला ओळखायच्या आधी मी ती हत्यारं ओळखली. बाभळीच्या लांब मुठी, आणि प्रत्येक मुठीवर तापल्या तारेनं जाळून काढलेल्या तीन काळ्या रेघा. अशा मुठी मिरजेत एकच माणूस करायचा. त्याला जाऊन आठ महिने झाले होते.

"अण्णा, ह्यांना धार लावायची आहे," ती म्हणाली. "कोणता दगड लागतो ते दाखवा."

एप्रिल महिना होता, दुपारचे दोन वाजले असतील. स्टेशन रोडवर त्या वेळी चिटपाखरू नसायचं. माझ्या हार्डवेअरच्या दुकानात मी एकटाच होतो. मी तिच्याकडे न बघता एक हत्यार उचललं. गोल पटाशी होती. पात्याचं टोक निळं पडलं होतं.

"ही कुणी जाळली?" मी विचारलं.

तिनं सांगितलं ते असं. नवरा, मोनाप्पा, गेल्यावर दीर म्हणाले, लेथ विकून टाकू. ती नको म्हणाली. सतारमेकर गल्लीतली तंबोऱ्याच्या खुंट्यांची कामं मोनाप्पाकडे होती, ती तिनं हातची जाऊ दिली नाहीत. नवऱ्याचं काम पंधरा वर्षं बघितलेलं होतं, आणि शिसवाचा तुकडा घासून पॉलिश करणं तर तिच्याकडेच असायचं. पहिले दोन महिने लाकूड वायाच गेलं. मग हात बसला. पण धार लावणं तिला येत नव्हतं. स्टँडजवळच्या एका वर्कशॉपमध्ये ती हत्यारं देऊन यायची. तिथला माणूस जाड्याभरड्या दगडावर दाबून धरायचा आणि परत द्यायचा तेव्हा पाती निळी झालेली असायची. चार खुंट्या कातल्या की धार गेलीच.

"निळं झालं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं," मी म्हणालो. "मग कितीही घासा, धार टिकत नाही."

"ते मला कळलं. म्हणूनच घरी मोटारीवर दगड बसवायचाय."

मला म्हणायचं होतं, वहिनी, घरी नका बसवू. दुसरीकडे कुठंतरी द्या, मी चांगला माणूस बघून देतो. ते बोललो नाही. फळीवरून दोन दगड काढले आणि तिच्यापुढे ठेवले. एक करडा, एक पांढरा.

दगड दाखवताना मी खाली मान घालून बोलतो. ती माझी जुनी सवय. पण त्या दिवशी मान वर करायची हिंमतच नव्हती. मी सांगत गेलो. करडा दगड साध्या लोखंडाला. वेल्डिंगवाले, फाटकं-खिडक्या करणारे तो नेतात. टणक असतो, झिजत नाही, पण न झिजल्यामुळेच घासटतो आणि पातं तापवतो. पांढरा मऊ असतो. त्याचे कण बोथट झाले की गळून पडतात आणि खालचे नवे वर येतात, म्हणून तो थंड कापतो. लवकर संपतो, पण हत्यार वाचतं. कातायच्या हत्यारांना पांढराच. नंबर म्हणजे कणाचा जाडपणा. छत्तीस फार भरड, त्यानं आकार बदलता येईल, धार यायची नाही. शंभराच्या वरचा घेतला तर काम चालत नाही आणि पातं तापतं. साठ किंवा ऐंशी.

ती ऐकत होती, मधूनच माझं वाक्य स्वतःशी हळू म्हणून बघत होती. मग तिनं पांढऱ्या दगडाच्या मध्यावर चिकटवलेल्या गोल कागदावर बोट ठेवलं.

"ह्यावर काय काय लिहिलेलं असतं?"

"हे माप. आठ इंची. हा कणाचा नंबर, साठ. हे अक्षर दगड मऊ का टणक ते सांगतं."

"आणि हा आकडा?"

"तो वेगाचा."

"म्हणजे?"

"मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या वर तो फिरवायचा नाही."

"फिरवला तर?"

मी दगड उचलून उगाच फडक्यानं पुसायला लागलो. ती उत्तराची वाट बघत थांबली. मग तिनं दुसराच प्रश्न विचारला, हत्यार टेकवायची पट्टी दगडापासून किती लांब ठेवायची म्हणून. मी घाईघाईनं त्याचं उत्तर दिलं.

मोनाप्पा सुतार आदल्या ऑगस्टमध्ये गेला. गणपतीच्या आधीचा आठवडा होता. सकाळी दहाच्या सुमाराला त्यानं नवा दगड सुरू केला, वरून हत्यार टेकवलं आणि दगड फुटला. एक तुकडा छताच्या पत्र्यातून बाहेर गेला. दुसरा त्याच्या छातीत बसला. रिक्षात घालून मिशन हॉस्पिटलकडे नेईपर्यंत तो संपला होता.

मला अकराला कळलं. शेजारच्या रंगाच्या दुकानातल्या कुलकर्ण्यांनी येऊन सांगितलं. दगडच खराब निघाला असणार, हल्ली काय माल येतोय, असं ते म्हणाले. मी हो म्हणालो. पोलिसांनी पंचनामा केला. यंत्राचा अपघात अशी नोंद झाली. दगड कुठल्या दुकानातला, हे कुणी विचारायला आलं नाही.

तो माझ्या दुकानातला होता. आदल्या संध्याकाळी मीच काढून दिला होता.

त्या मापाचे आणखी चार दगड दुकानात होते. ते मी त्याच दिवशी पोत्यात घालून माळ्यावर टाकले. ते विकवेनात आणि फेकवेनात. अंत्ययात्रेला मी गेलो नाही. त्यांच्या घरी भेटायला बायकोला, महानंदाला, पाठवलं. तुम्ही का येत नाही, असं तिनं दोनदा विचारलं. माझी पाठ धरली आहे असं मी सांगितलं.

नंतरचे महिने कसे गेले हे सांगणं अवघड आहे. गिऱ्हाइकी चालू होती, मी बोलत होतो, जेवत होतो. पण रस्त्यात कुठं ग्राइंडर सुरू झाला की माझे हात थांबायचे. मोटार सुरू होताना आधी खालचा सूर निघतो आणि चढत चढत एका जागी येऊन थांबतो. तो सूर थांबेपर्यंत मला श्वास घेता यायचा नाही. सकाळी शटर वर केलं की काउंटरच्या डाव्या टोकाला मोनाप्पा उभा असायचा. दिसायचा असं म्हणणार नाही. पण तो तिथं आहे हे मला कळायचं, आणि हिशेबाची वही घेऊन मी उजव्या टोकाला बसायचो. तो जिवंत असताना तिथंच उभा राहायचा, नवं हत्यार बघताना अंगठा पात्यावर आडवा फिरवत. गिऱ्हाईक त्या टोकाला गेलं की मी त्याला इकडे बोलवायचो.

शालन आता नेमकी त्याच टोकाला उभी होती.

माझ्याकडे साठ नंबरचा आठ इंची पांढरा दगड एकच होता. मी तो बोटावर टांगला आणि पेचकसाच्या लाकडी मुठीनं टिचकी दिली. चांगल्या दगडाचा आवाज भांड्यासारखा स्वच्छ येतो. तडा असेल तर बद्द येतो. ह्याचा स्वच्छ आला. मी दुसऱ्या बाजूनं मारून बघितलं. तिसऱ्या, चौथ्या बाजूनं बघितलं. मग दगड फळीवर परत ठेवला.

"हा नको," मी म्हणालो.

"का? आवाज चांगला आला की."

"माझी खात्री होत नाही. हा सहा महिने फळीवर पडून आहे. मी कोल्हापूरहून ताजा आणतो. आठ दिवस लागतील."

"आठ दिवस ना? थांबते मी," ती म्हणाली. "थांबायला काय होतंय."

तिनं हे साध्या आवाजात म्हटलं. गुंडाळी बांधताना मी विचारलं, मोटार कोणती आहे. तीच आहे, ती म्हणाली. मी सांगितलं, ती वापरायची नाही. तिच्या निम्म्या वेगाची मोटार मिळते, ती बसवू. हळू फिरलं की पातंही तापत नाही. मोटार मी बघतो, बसवायलाही मीच येतो.

"तुम्ही स्वतः?"

"हो."

पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे नीट बघितलं असावं. मी तेव्हा सुतळीकडे बघत होतो, तरी मला ते कळलं. मग ती बरं म्हणाली आणि गेली.

एसटीनं कोल्हापूरला जाऊन मी दोन दगड आणले. शाहूपुरीतल्या व्यापाऱ्याकडे पेटी उघडून सोळा दगड वाजवून बघितले. तो वैतागला. म्हणाला, मेणसे, तुम्ही वीस वर्षं माल नेताय, एकदाही असं केलं नाहीत. खरं होतं ते. गिऱ्हाइकाला दगड देताना मी तो कधी वाजवून बघत नसे. तो कागदावरचा आकडाही कधी नीट वाचत नसे. येताना दगड मांडीवर घेऊन बसलो. पिशवी खाली ठेवली तर धक्के बसतील म्हणून.

गुरुवारी सकाळी दहाला मी तिच्या घरी गेलो. दुकान महानंदाला बघायला सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं, पण तिनं काही विचारलं नाही.

घराच्या मागं पत्र्याची शेड होती. लेथ एका बाजूला, तिच्याभोवती शिसवाचा काळसर भुसा. भिंतीशी कातलेल्या खुंट्या टोपलीत लावून ठेवलेल्या होत्या. काम बरं होतं. मोनाप्पासारखं नव्हतं, पण बरं होतं. छताचे पत्रे सगळे जुने, गंजलेले, फक्त एक नवा होता. मी त्याच्याखाली उभा राहणं टाळलं. मुलगी शाळेत गेली होती. घरात आम्ही दोघंच होतो, आणि मागच्या दाराशी शेजारीण तांदूळ निवडत बसली होती. थोड्या वेळानं तीही उठून गेली.

मी जुनी मोटार काढली, नवी बसवली. दगड पुन्हा वाजवला. दोन्ही बाजूंना जाड कागदाच्या चकत्या, त्यावर लोखंडी चकत्या. नट हातानं बसला तेवढा बसवून वर अर्धाच आटा पान्यानं फिरवला. फार आवळला तर दगडाला तिथंच तडा जातो, हे तिला सांगितलं. वर लोखंडी झाकण बसवलं. ती शेजारी बसून सगळं बघत होती आणि मी मागेन ते हातात देत होती.

"आता नवा दगड पहिल्यांदा सुरू केला की एक मिनिट नुसता फिरू द्यायचा," मी म्हणालो. "त्याच्या समोर उभं राहायचं नाही. दोघांनीही बाजूला. फुटायचाच असेल तर बहुतेक त्या मिनिटात फुटतो."

"हे सगळ्यांना सांगता का?"

"आता सांगतो."

बटण भिंतीवर होतं, तिच्या बाजूला. ती बटणाकडे गेली. मी मोटारीशी वाकलो होतो, तो उठलो आणि दगडाच्या समोर उभा राहिलो. आधी ठरवून आलो नव्हतो. पाय तिथंच थांबले, आणि थांबल्यावर मला बरं वाटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. तिनं बटण दाबलं. खालून सूर निघाला, चढायला लागला. झाकणाच्या फटीतून मला दगडाची पांढरी कड दिसत होती.

"अण्णा, बाजूला व्हा," ती म्हणाली.

मी हललो नाही.

"अण्णा."

मी दगडाकडे बघत राहिलो. मग सूर उतरायला लागला. तिनं बटण बंद केलं होतं. दगड हळू होत होत थांबला.

"हे करायला आलात काय इथं?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण हात अजून बटणावरच होता. "ह्याच जागेवर? माझ्यासमोर?"

मी पुढे येऊन लाकडाच्या ओंडक्यावर बसलो. म्हणालो, "वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय. तो दगड—"

"मला माहीत आहे."

"तो माझ्याकडून—"

"माहीत आहे, अण्णा. मी तिथंच होते."

मला कळेना. त्या संध्याकाळचं मला सगळं पाठ होतं. रोज आठवून आठवून पाठ झालं होतं. मोनाप्पाला आठ इंची दगड हवा होता, तो संपला होता. आठ दिवसांनी येईल असं मी सांगितलं. त्याला खुंट्यांचं काम गणपतीआधी द्यायचं होतं. फळीवर दहा इंची होते. त्यानं एक काढून उजेडात धरला, त्यावरचा आकडा वाचला आणि म्हणाला, अण्णा, ह्यावर अडीच हजार लिहिलंय, माझी नवी मोटार अठ्ठावीसशेची आहे, काय होतंय का? दुकानात गर्दी होती. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला नायलॉनची दोरी मोजून देत होतो. मोजणी चुकू नये म्हणून मान वर केली नाही. "चालेल," म्हणालो. एवढंच. तीनशे फेऱ्यांचा फरक, आणि दहा इंची दगड तेवढाही सोसत नाही, हे मला माहीत होतं. विचार केला असता तर लगेच आठवलं असतं. विचार केला नाही.

"दोरी तुम्ही मला मोजून देत होता," शालन म्हणाली. "कपडे वाळत घालायला घेतली होती."

दोरी मला आठवत होती. हिरवी होती. ती घेणारी बाई कधीच आठवली नव्हती.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं," मी म्हणालो. "मग तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं? सगळ्या गावाला का नाही सांगितलं?"

ती बटणापासून दूर झाली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. थोडा भुसा हातात घेऊन तो तळहातावर पसरत राहिली. मग बोलली. मध्येच थांबत, पण एकदाही न रडता.

"तुम्ही चालेल म्हणालात. पण त्यांना ते पटलं नव्हतं. हाताला इजा होण्याच्या बाबतीत ते भित्रे होते, तुम्हाला माहीत आहे. दगड त्यांनी परत फळीवर ठेवला होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आठ दिवस थांबू का, म्हणून बघितलं. तोंडानं विचारलं नाही, पण मला कळलं. पंधरा वर्षांत तेवढं कळतं." ती थांबली. "मी कंटाळले होते, अण्णा. सकाळपासून बाजारात फिरत होते. घरी पोरगी एकटी होती. त्या खुंट्यांपायी घरात आठवडाभर कुरकुर चाललेली. मी मान हलवली. घ्या की, अशी. आणि त्यांनी दगड परत उचलला."

तिनं हातातला भुसा खाली सोडला.

"सासूबाईंना सांगितलं नाही. माझ्या आईला नाही. पोरगी रोज विचारते, बाबांनी तो दगड कशाला आणला. मी सांगते, मला काय माहीत. रात्री डोळा लागतो तोवर ते बघत असतात माझ्याकडे. तसंच, दगड फळीवर ठेवून."

"वहिनी, तुमचा काय दोष? आकडा मला कळत होता. तुम्हाला काय कळणार होतं त्यातलं?"

"असं मला कुणीही सांगेल," ती म्हणाली. "म्हणूनच कुणाला सांगितलं नाही. तुम्ही तरी सांगू नका. तुमचा दोष नाही असं मी म्हटलं तर तुम्ही ऐकाल काय?"

"नाही."

"मग?"

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव लागले होते. गुळाचे भाव, हळदीचे भाव. मी माफी मागायची म्हणून तोंड उघडलं. तिला ते आधीच समजलं असावं. म्हणाली, "माफीचं माझ्याकडे काही मागू नका. ती त्यांची होती द्यायची. मी फक्त एवढ्यासाठी आले, की त्या संध्याकाळी तिथं तिघं होतो. त्यातला एक गेला. उरलेल्यातला एक मला रस्त्यात बघून गल्ली बदलायचा. मला वाटलं, ह्याला तरी सांगावं. नाहीतर मी वेडी होईन."

ती उठली. साडीला लागलेला भुसा झटकला. "या इकडे," म्हणाली आणि मी उठून भिंतीशी, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तिनं बटण दाबलं. सूर चढला, एका जागी आला आणि तिथं राहिला. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे होतो. मी मनातल्या मनात साठपर्यंत मोजलं. तिचेही ओठ हलत होते. साठच्या पुढेही आम्ही बराच वेळ मोजत होतो.

मग तिनं ती निळी पडलेली पटाशी घेतली. हलकं धरायचं, दाबायचं नाही, मूठ गोल फिरवत न्यायची, हे मी हातानं दाखवलं. ठिणग्या निघाल्या. दोनदा तिचा कोन चुकला. तिसऱ्या वेळी निळा भाग निघून गेला आणि पोलाद पांढरं दिसायला लागलं. तिनं मोटार बंद केली, अंगठा पात्यावर आडवा फिरवला आणि चहा ठेवायला आत गेली.

पुढे एकोणीस वर्षं तिनं ते काम केलं. दगड झिजून लहान झाला की ती निरोप पाठवायची आणि मी नवा घेऊन जायचो. बसवून झालं की आम्ही भिंतीशी उभं राहून ते मिनिट काढायचो, मग ती चहा द्यायची. त्या संध्याकाळचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. माळ्यावरचे चार दगड मी हातोडीनं फोडून कृष्णेच्या घाटाकडच्या खड्ड्यात भरावाला टाकले. मोनाप्पा दुकानातून गेला असं मी म्हणणार नाही. पण त्याच्याकडे पाठ करायची मी सोडली. शालनला रात्री झोप लागायला लागली का, हे मी कधी विचारलं नाही.

मूत्रपिंडाच्या दुखण्यानं ती दोन हजार चौदा साली गेली. तिच्या अंत्ययात्रेला मी गेलो.

तिची मुलगी राजश्री तोवर मोठी होऊन त्याच शेडमध्ये काम करत होती. लग्न झालं होतं, नवरा रेल्वेत होता. आई गेल्यावर तीनेक महिन्यांनी ती दुकानात आली. दगड हवा म्हणाली. मी काढला, वाजवला, तिच्यापुढे ठेवला. तिनं त्याला हात लावला नाही. पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला आणि उलगडून काउंटरवर ठेवला. घराच्या वारसनोंदीसाठी तिनं जुनी कागदपत्रं काढली होती, त्यात वडिलांच्या पंचनाम्याची नक्कल सापडली होती. कुणा हवालदारानं चांगल्या अक्षरात सगळं लिहून ठेवलं होतं. दगडाचं माप, मोटारीचा वेग. इतक्या वर्षांत ते कुणी वाचलं नव्हतं. तिला ते वाचून कळलं, कारण तिला कामातलं कळत होतं.

"हा दगड तुमच्याकडचा होता?" तिनं विचारलं.

"हो."

"मोटारीचा वेग बाबांनी तुम्हाला सांगितला होता?"

"सांगितला होता."

"मग?"

"मी चालेल म्हणालो."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे आईचे होते. मी मान खाली घातली नाही. ती शिवीगाळ करेल असं वाटलं. केली असती तरी चाललं असतं. तिनं फक्त कागदाची घडी घातली, आणि ती घालता घालता थांबली.

"आईला हे माहीत होतं?"

हा प्रश्न येणार हे मला तोवर सुचलंच नव्हतं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग ती तुमच्याकडे का येत राहिली? मग तिनं कुणाला सांगितलं का नाही? मुलगी हुशार होती. दोन प्रश्नांत ती त्या संध्याकाळच्या दुकानात पोचली असती, आणि काउंटरशी दोरी घेताना मान हलवणारी आई तिला दिसली असती.

"नाही," मी म्हणालो. "तिला मी कधीच सांगितलं नाही."

"एकोणीस वर्षं तुम्ही तिच्या हातचा चहा घेतलात."

"हो."

तिनं कागद पर्समध्ये ठेवला. दगड काउंटरवरच राहिला. पायऱ्या उतरून ती रस्त्याला लागली, आणि ती परत दुकानात आली नाही.

दगड ती सांगलीहून आणते असं वर्षभरानं माझ्या कानावर आलं. तिथला दुकानदार माझ्या ओळखीचा होता. मी त्याला फोन केला आणि म्हणालो, मिरजेहून राजश्री म्हणून एक बाई दगड न्यायला येते, तिला वाजवून बघितल्याशिवाय देऊ नका, आणि मोटार बदलली का ते दर वेळी विचारा.

तो बरं म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तुमची कोण लागते ती?"

"कुणी नाही," मी म्हणालो.